डीएस-७००२ची जन्मकथा

अमेरिकेतल्या हॉटेलात प्रशिक्षणासाठी निघालेल्या मुलामुलींच्या फायलीत दोन सरकारी कागद असतात. पहिला डीएस-२०१९. तो हातात पडला की घरी पेढे येतात, कारण त्याच्याशिवाय जे-१ व्हिसाच्या मुलाखतीला उभंच राहता येत नाही. दुसरा डीएस-७००२, म्हणजे प्रशिक्षणाचा आराखडा. त्यावर बहुतेक जण जिथे खूण केलेली असेल तिथे सही करतात आणि कागद एजंटाकडे परत पाठवतात. नीट वाचायला हवा तो हाच.

त्यात सगळं प्रशिक्षण टप्प्याटप्प्यांनी मांडलेलं असतं. समजा, पहिले चार महिने फ्रंट ऑफिस, पुढचे चार एफ अँड बी सर्व्हिस, शेवटचे चार हाउसकीपिंग. प्रत्येक टप्प्यात कोण शिकवणार, त्या माणसाचा हुद्दा काय, शिकवायचं नेमकं काय, ते आलं की नाही हे कसं तपासायचं, आठवड्याला तास किती, पैसे किती, अशा प्रत्येक प्रश्नाला वेगळा रकाना. शेवटी शिकाऊची सही, हॉटेलातल्या पर्यवेक्षकाची सही आणि मध्ये उभ्या असलेल्या स्पॉन्सर संस्थेची सही.

हे रकाने कुणी एका बैठकीत आखलेले नाहीत. हॉटेलात शिकणं कुठे संपतं आणि नुसतं राबणं कुठे सुरू होतं, यावर अमेरिकेत कित्येक वर्षं वाद चालला. त्या वादात जे जे उघड्यावर आलं, ते एकेका रकान्यात जाऊन बसलं. त्यामुळे जे-१ घ्यावा का, हे ज्याला ठरवायचं आहे त्याने फी आणि मुदत विचारण्याआधी या व्हिसाचा इतिहास जाणून घ्यावा. तो रंजक आहे आणि उपयोगाचाही आहे.

मुळात हॉटेलचा धंदा कुणाच्या तरी हाताखाली राहून शिकायचा. स्वित्झर्लंडमधल्या नीडरवाल्ड या खेड्यात १८५० साली जन्मलेला सेझार रिट्झ पोरवयात शेजारच्या ब्रिग गावातल्या हॉटेलात उमेदवारीला लागला आणि मग पॅरिसला गेला. ऑग्युस्त एस्कोफिए तेराव्या वर्षी नीस शहरात काकाच्या रेस्तराँत भांडी-चुलीपाशी उभा राहिला. हॉटेलविद्येची पहिली शाळा लोझानला निघाली ती १८९३ साली, आणि अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाने हा विषय पदवीच्या पातळीवर नेला तो १९२२ साली. शाळा निघाल्या तरी उमेदवारी सुटली नाही. हॉटेलच्या कोणत्याही अभ्यासक्रमात काही महिने प्रत्यक्ष हॉटेलात काढावे लागतात, आणि त्या महिन्यांत शिकाऊ काय करतो हा प्रश्न तेव्हापासून तसाच उभा आहे.

आपल्या किनाऱ्यावरच्या माणसांची ही उमेदवारी समुद्रावर झाली. बार्देश-साष्टीतले गोवेकर पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या जहाजांवर पिढ्यान्‌पिढ्या स्टुअर्ड, पँट्रीमन आणि कुक म्हणून गेले. मुंबईत धोबीतलाव आणि माझगाव भागात गावागावांचे कूड, म्हणजे एकेका गावच्या माणसांची सामायिक बिऱ्हाडं, होती. तिथे आपली पेटी ठेवायची, संध्याकाळी सगळ्यांबरोबर प्रार्थनेला बसायचं आणि जहाज मिळेपर्यंत थांबायचं. चांदीची कटलरी कशी मांडायची, सात पदार्थांच्या जेवणाची वाढणी कशी करायची, सूप उकळतं ठेवूनही फुटू कसं द्यायचं नाही, हे त्यांनी डोलणाऱ्या जहाजावर आत्मसात केलं. याला कुणी प्रशिक्षण म्हटलं नाही. आशियाई खलाशांचे करार वेगळे असत आणि तेच काम करणाऱ्या युरोपीय माणसापेक्षा पगार कमी असे. मुंबईतल्या हॉटेलांना पुढे जे तयार हात मिळाले, त्यांत ही माणसं होती. परदेशात शिकून आलेल्या आपल्या हॉटेल-कारागिरांचा इतिहास लिहायचा तर सुरुवात त्यांच्यापासून करावी लागेल.

अमेरिकेचं दार मात्र तेव्हा बंदच होतं. १९१७च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा, भारतासकट, स्थलांतरितांसाठी वर्ज्य ठरवला होता. ते दार किलकिलं झालं २ जुलै १९४६ रोजी, लूस-सेलर कायद्याने. भारताला कोटा मिळाला वर्षाला १०० माणसांचा. अख्ख्या देशाला शंभर. महिन्याभरातच, १ ऑगस्ट १९४६ रोजी, अध्यक्ष ट्रूमन यांनी दुसऱ्या एका कायद्यावर सही केली, आणि आजच्या जे-१ची मुळं त्या दुसऱ्या कायद्यात आहेत.

आर्कान्सा राज्याचे सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट तरुणपणी ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला राहिले होते आणि तो अनुभव त्यांच्या मनात घर करून होता. महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेचे ट्रक, यंत्रं, तंबू, औषधं, असं प्रचंड सामान जगभर पडून होतं. ते परत नेणं परवडणारं नव्हतं आणि विकत घ्यायला त्या त्या देशांकडे डॉलर नव्हते. फुलब्राइट यांनी सुचवलं की सामान तिथेच विकावं, पैसे स्थानिक चलनात घ्यावेत आणि त्या पैशावर विद्यार्थी-शिक्षकांची देवाणघेवाण करावी. फाजील युद्धसामग्रीच्या कायद्याला जोडलेली ही दुरुस्ती फारशी चर्चा न होता मंजूर झाली. कल्पनेत चातुर्य होतं आणि सदिच्छाही होती. २ फेब्रुवारी १९५० रोजी दिल्लीत पंडित नेहरू आणि अमेरिकी राजदूत लॉय हेंडरसन यांनी भारतापुरत्या करारावर सह्या केल्या.

मधल्या काळात, १९४८ साली, स्मिथ-मंट कायदा आला. शीतयुद्ध सुरू झालं होतं. जगाने अमेरिका पाहावी, अमेरिकेबद्दल बरं बोलावं, यासाठी रेडिओ, पुस्तकं आणि माणसांची ये-जा या तिन्हींची सोय त्यात होती. ‘एक्स्चेंज व्हिजिटर’ हा वर्ग याच कायद्याच्या छत्राखाली वाढला. वर्षाला शंभरचा कोटा असलेल्या देशातल्या तरुणाला या वर्गाचं महत्त्व किती वाटलं असेल, ते वेगळं सांगायला नको. कोट्याच्या रांगेत न लागता काही काळ अमेरिकेत जाऊन शिकता येत होतं.

पण आलेले पाहुणे परत जातील याची खात्री कोण देणार? पुष्कळ जण अमेरिकेतच राहण्याचे मार्ग शोधू लागले. कुणी शेजारच्या कॅनडात पाय ठेवून स्थलांतरित म्हणून परत येई. त्यांच्या मायदेशांचीही तक्रार होतीच, की माणूस शिकायला पाठवला तो आलाच नाही. मग १९५६ साली अट घातली गेली: देवाणघेवाणीवर आलेल्याने अमेरिकेबाहेर दोन वर्षं काढल्याखेरीज कायमच्या वास्तव्याचा विचार करायचा नाही. ‘टू-इयर रूल’ म्हणून आजही ज्याची धास्ती असते, त्याचा हा जन्म. सर्वांत जास्त झळ बसली ती डॉक्टरांना. मुंबईच्या जी. एस. आणि ग्रँट मेडिकलमधून रेसिडेन्सीसाठी गेलेल्या कित्येकांच्या आयुष्याचे आराखडे या एका कलमाभोवती फिरले.

त्याच दशकात मुंबईत हॉटेल-शिक्षणाला सुरुवात होत होती, आणि तीही वेगळ्याच कारणाने. स्वातंत्र्यानंतरची पहिली वर्षं धान्यटंचाईची होती. कन्हैयालाल मुनशी केंद्रात अन्नमंत्री होते आणि लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने महिलांच्या अन्न परिषदेने ‘अन्नपूर्णा’ नावाची उपाहारगृहं चालवली. गहू-तांदळावरचा भार कमी व्हावा म्हणून तिथे तृणधान्यांवाचूनचे पदार्थ मिळत. लोकांना चांगलं, पोषक आणि स्वस्त जेवण मोठ्या प्रमाणावर द्यायचं तर ते रांधणारी शिकलेली माणसं हवीत, या जाणिवेतून १९५४ साली अंधेरीला भवन्स कॉलेजच्या आवारात केटरिंग आणि पोषणशास्त्राची संस्था सुरू झाली. तीच पुढे दादरला गेली. आज कागदोपत्री तिचं नाव इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट आहे, पण दादरकर तिला अजून ‘कॅटरिंग कॉलेज’च म्हणतात. देशातल्या पंचतारांकित हॉटेलांना कित्येक वर्षं माणसं पुरवणाऱ्या संस्थेचा उगम रेशनच्या काळातल्या चुलीपाशी आहे, ही गोष्ट या शहराने अभिमानाने लक्षात ठेवावी अशी आहे.

जे या अक्षराचा व्हिसा आला १९६१ साली, फुलब्राइट-हेज कायद्याने. कुणाकुणाला तो मिळेल याची यादी कायद्यातच आहे: विद्यार्थी, विद्वान, शिक्षक, प्राध्यापक, संशोधन सहायक, तज्ज्ञ, एखाद्या क्षेत्रातले पुढारी. या भारदस्त मंडळींच्या मध्येच एक शब्द आहे, ‘ट्रेनी’. प्रशिक्षणार्थी म्हणजे नेमका कोण, कारखान्यातला, बँकेतला की हॉटेलच्या भटारखान्यातला, हे कायद्याने सांगितलं नाही. पुढची चार दशकं जो गोंधळ झाला त्याचं मूळ इथे आहे.

दुसरी एक गोष्ट याच कायद्याच्या रचनेतून आली आणि ती कळल्याशिवाय जे-१ कळत नाही. अमेरिकी सरकार स्वतः शिकाऊंना बोलावत नाही. ते काही संस्थांना ‘स्पॉन्सर’ म्हणून मान्यता देतं. डीएस-२०१९ देण्याचा अधिकार स्पॉन्सरचा, हॉटेलवर लक्ष ठेवण्याची जबाबदारी स्पॉन्सरची आणि शिकाऊची तक्रार ऐकायचीही त्यानेच. आणि स्पॉन्सरचा खर्च चालतो तो शिकाऊकडून किंवा हॉटेलकडून मिळणाऱ्या शुल्कावर. ज्याच्यावर देखरेख ठेवायची त्याच्याच व्यवहारावर आपलं उत्पन्न, ही या व्यवस्थेतली कच्ची जागा आहे. प्रामाणिकपणे काम करणारे स्पॉन्सर आहेत, जुने आणि नावाजलेले आहेत. पण रचनेतला दोष चांगल्या माणसांनी झाकला तरी तो दोषच राहतो.

हॉटेलवाल्यांना दुसरी वाटही होती. १९५२च्या कायद्यातला एच-३ हा व्हिसा खास उद्योगातल्या प्रशिक्षणार्थींसाठी होता आणि तो अजूनही आहे. त्याच्या अटी कडक आहेत. हे प्रशिक्षण त्या माणसाला स्वतःच्या देशात मिळत नाही, हे मालकाने सिद्ध करायचं. शिकाऊला एरवी अमेरिकी कामगार करतात अशा नेहमीच्या कामाला लावायचं नाही. आणि प्रत्यक्ष उत्पादक काम प्रशिक्षणाच्या ओघात होईल तेवढंच. हॉटेलात हे जमवायचं कसं? टेबलावर वाढल्याशिवाय वाढणी शिकता येत नाही, आणि वाढलं की काम झालंच. शिवाय मुंबईच्या मुलाला ‘तुमच्याकडे हे शिकायची सोय नाही’ असं म्हणता येईना. अपोलो बंदरावरचं ताज १९०३पासून उभं होतं. १९७३ साली त्याच्या शेजारी टॉवर आला आणि त्याच वर्षी नरीमन पॉइंटला ओबेरॉय-शेरेटन उघडलं. या शहरातली हॉटेलं जितकी चांगली झाली, तितका एच-३ इथल्या मुलांना दूर गेला. जे-१साठी अशी सिद्धता लागत नव्हती. ओघ त्या बाजूला वळला तो यामुळे.

तरी बराच काळ आपल्या मुलांचं पहिलं स्वप्न अमेरिका नव्हतं, स्वित्झर्लंड होतं. फ्लॉइड कार्डोझ यांचंच उदाहरण घ्या. मुंबईत १९६० साली गोवेकर कुटुंबात जन्म, दादरच्या संस्थेत शिक्षण, ताजच्या स्वयंपाकघरात उमेदवारी, मग स्वित्झर्लंडमधल्या ले रॉश या हॉटेल-शाळेत शिक्षण आणि १९८०च्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क. तिथे लेस्पिनास या मोठ्या रेस्तराँत ग्रे कुंझ यांच्या हाताखाली ते खालच्या पायरीपासून वर चढले आणि १९९८ साली ‘टॅब्ला’ सुरू झालं तेव्हा मुख्य शेफ होते. कोकम, तिरफळं, नारळ यांची चव त्यांनी फ्रेंच शिस्तीच्या ताटात नेली. मार्च २०२० मध्ये कोविडने त्यांचा बळी घेतला. चांगल्या गुरूच्या हाताखालची काही वर्षं माणसाला कुठल्या कुठे नेऊ शकतात, हे त्यांच्या आयुष्यात दिसतं. प्रशिक्षणाच्या व्हिसाकडून जी अपेक्षा असते ती हीच.

प्रत्यक्षात काय चाललं होतं ते १९९० साली कागदावर आलं. अमेरिकी संसदेसाठी सरकारी कारभाराची तपासणी करणाऱ्या जनरल अकाउंटिंग ऑफिसने त्या वर्षी जे व्हिसावर अहवाल दिला. शैक्षणिक आणि सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या व्हिसाचा गैरलागू वापर होतोय, हे त्याच्या शीर्षकातच होतं. या व्हिसावर आलेले लोक वेटर, कुक, मुलं सांभाळणाऱ्या मुली, करमणूक उद्यानातले कामगार म्हणून काम करताना तपासनिसांना आढळले. यात देवाणघेवाण कुठे आहे, असा त्यांचा रोख होता. कामगारांच्या व्हिसासाठी असलेल्या तपासण्या चुकवून मजूर आणण्याची ही वाट झाली, तर जे व्हिसाची मूळ प्रतिष्ठाच जाईल.

गंमतीची नव्हे, अर्थपूर्ण अशी गोष्ट म्हणजे त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकी संसदेने नवा क्यू व्हिसा निर्माण केला. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट उद्यानात १९८२पासून देशोदेशींचे मंडप होते आणि त्या मंडपांत त्या त्या देशाचे तरुण पदार्थ वाढत, वस्तू विकत, आपल्या देशाबद्दल बोलत. हे काम शिक्षणात बसेना, नुसत्या मजुरीतही बसेना. क्यू व्हिसाने सरळ मान्य केलं की हे काम आहे, फक्त त्यात संस्कृतीची ओळख करून देण्याचा भाग असला पाहिजे. लोकांनी त्याला ‘डिस्ने व्हिसा’ म्हणायला सुरुवात केली. त्या प्रामाणिकपणाचं कौतुक करावंसं वाटतं. जे व्हिसाच्या वाट्याला मात्र तो आला नाही. तिथे काम आणि शिक्षण यांची गाठ तशीच राहिली.

१९९३ साली नियम नव्याने लिहिले गेले. प्रशिक्षणाचा आराखडा हवा आणि अकुशल कामाला शिकाऊ नेमायचा नाही, असं ठरलं. पण आराखडा कसा असावा याचा एकच ठरलेला नमुना नव्हता. कुणी सविस्तर लिही, कुणी चार ओळींत आटोपे. १९९९ साली हा सगळा कारभार पाहणारी माहिती संस्था परराष्ट्र खात्यात विलीन झाली. दोन वर्षांनी ११ सप्टेंबरचे हल्ले झाले आणि त्यानंतर कोण कुठे आहे याची नोंद ठेवणारी सेव्हिस ही संगणकप्रणाली २००३ साली सक्तीची झाली. परदेशी पाहुणा कुठे राहतो हे आता कळत होतं. तो तिथे काय शिकतो हे मात्र अजूनही कळत नव्हतं. २००५ साली त्याच तपासणी कार्यालयाने पुन्हा अहवाल दिला: प्रशिक्षणार्थी आणि उन्हाळी काम-प्रवास या दोन वर्गांवर पुरेशी देखरेख नाही. पंधरा वर्षांनी तीच तक्रार.

या वेळी खातं हललं. १९ जून २००७ रोजी नवे नियम प्रसिद्ध झाले आणि डीएस-७००२ सगळ्यांना सक्तीचा झाला. तेव्हाच ‘इंटर्न’ हा नवा वर्ग ट्रेनीपासून वेगळा काढला गेला. हॉटेल-पर्यटनाच्या वाट्याला खास कलमं आली, आणि ती वाचताना कुणाच्या तरी अनुभवातून ती उतरली असणार हे लगेच जाणवतं. प्रशिक्षण सहा महिने किंवा अधिक असेल तर किमान तीन विभागांतून किंवा तीन वेगळ्या कामांतून फिरवलंच पाहिजे. वर्षभर एकाच बफेच्या मागे उभं करता येणार नाही. इतर बऱ्याच क्षेत्रांत ट्रेनीला अठरा महिने मिळतात, हॉटेलवाल्याला बाराच. कारकुनी काम पाचव्या हिश्शाहून जास्त नको. आठवड्याला किमान ३२ तास हवेत. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शिकाऊने अमेरिकी कामगाराची जागा घ्यायची नाही, मनुष्यबळाची तूट भरून काढायला त्याला आणायचं नाही.

हे शेवटचं कलम कागदावर स्पष्ट आहे आणि व्यवहारात सर्वांत अवघड. कारण हॉटेलचा हंगाम ठरलेला असतो. कोलोरॅडोच्या डोंगरातल्या स्की रिसॉर्टला हिवाळ्यात हात हवेत, केप कॉडला उन्हाळ्यात. स्थानिक माणूस मिळत नाही. त्यात पगाराच्या चिठ्ठीवरची एक ओळ महत्त्वाची आहे. जे-१वर आलेल्या अनिवासी शिकाऊला पहिली दोन कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा कर लागत नाही. त्याच्या पगारातून ७.६५ टक्के कापले जात नाहीत, ही त्याची सोय. पण मालकालाही त्याच्या वाट्याचे तेवढेच ७.६५ टक्के भरावे लागत नाहीत. म्हणजे परदेशी शिकाऊ स्थानिक कामगारापेक्षा कायद्यानेच स्वस्त पडतो. इतकं उघड आमिष समोर ठेवायचं आणि वरून ‘याला कामगार म्हणून वापरू नका’ असं सांगायचं, हे नियम करणाऱ्यांना अजून सुधारावंसं वाटलेलं नाही.

ऑगस्ट २०११ मध्ये याचा स्फोट झाला, तो हॉटेलात झाला नाही, पेनसिल्वेनियातल्या पामायरा गावी हर्शी चॉकलेटच्या पॅकिंग केंद्रात झाला. जे-१च्या उन्हाळी काम-प्रवास वर्गात आलेले देशोदेशींचे विद्यार्थी कामाच्या जागेवरून बाहेर पडले आणि रस्त्यावर निदर्शनं करू लागले. अमेरिका पाहायला मिळेल, इंग्रजी सुधारेल, म्हणून ते आले होते. हातात आली ती जड खोक्यांची रात्रपाळी, आणि राहण्याच्या खर्चाची कपात होऊन उरणारा तुटपुंजा पगार. हा वर्ग प्रशिक्षणार्थींचा नव्हे, पण व्हिसाचं अक्षर तेच. पुढच्या वर्षी त्या वर्गाचे नियम कडक झाले, आणि जे-१ या नावाभोवतीचा संशय हॉटेलच्या शिकाऊंनाही चिकटला. २०११च्याच नोव्हेंबरात मुंबईतली अमेरिकी वकिलात ब्रीच कँडीच्या लिंकन हाउसमधून वांद्रे-कुर्ला संकुलात गेली. भुलाभाई देसाई रस्त्यावर फायली छातीशी धरून उभी असलेली पहाटेची रांग तेव्हा बीकेसीला सरकली.

जून २०२०च्या अध्यक्षीय घोषणेने दुसरा धडा दिला. कोविडच्या काळात अमेरिकी लोकांच्या नोकऱ्या वाचवण्याचं कारण देऊन नव्या व्हिसांना जी स्थगिती मिळाली, तिच्यात जे वर्गातले इंटर्न आणि ट्रेनी होते. विद्यापीठातले जे-१ संशोधक नव्हते. ती ३१ मार्च २०२१पर्यंत चालली. परराष्ट्र खात्याच्या दृष्टीने हॉटेलचा शिकाऊ हा देवाणघेवाणीतला पाहुणा असेल. ती घोषणा लिहिणाऱ्यांनी त्याला कामगारांच्या रांगेत उभं केलं. दादरच्या किंवा गोव्यातल्या पर्वरीच्या हॉटेल-संस्थेच्या ज्या तुकड्या त्या वर्षी बाहेर पडल्या, त्यांच्यातल्या अमेरिकेला निघालेल्यांचा वर्षभराचा बेत त्यामुळे कोसळला.

आता निवडीचं. इंटर्न व्हायचं तर अभ्यासक्रम चालू असला पाहिजे किंवा तो संपून बारा महिने उलटलेले नसावेत. ट्रेनी व्हायचं तर पदवी-पदविकेनंतर अमेरिकेबाहेर एक वर्षाचा त्याच क्षेत्रातला अनुभव हवा, किंवा पदवीच नसेल तर पाच वर्षांचा. निकाल लागल्यावर ‘बघू, आधी घरी थोडं थांबू’ म्हणत वर्ष काढलेला मुलगा या दोन्हींच्या मधल्या फटीत पडतो: इंटर्नची मुदत गेलेली, ट्रेनीचा अनुभव नाही. ट्रेनी म्हणून एकदा जाऊन आलं की पुन्हा ट्रेनी होण्याआधी दोन वर्षं अमेरिकेबाहेर काढावी लागतात. क्रूझची नोकरी खुणावत असेल तर तिचा व्हिसा वेगळा, सी-१/डी. ती सरळ नोकरी आहे, तिथे शिकवण्याचं वचन कुणी देत नाही, आणि ज्याला पैसे साठवून घरचं कर्ज फेडायचं आहे त्याला तीच जास्त सोयीची पडेल.

१९५६च्या त्या दोन वर्षांच्या अटीबद्दल पालक हमखास विचारतात. १९७०च्या दुरुस्तीने ती सगळ्यांवरून उठवून सरकारी पैशावर आलेल्यांपुरती आणि ज्या कौशल्यांची मायदेशाला गरज आहे अशा ‘स्किल्स लिस्ट’मधल्यांपुरती आणली गेली; वैद्यकीय प्रशिक्षणाला आलेल्या डॉक्टरांना ती १९७६च्या कायद्याने पुन्हा लागू झाली. त्या यादीत भारत कित्येक वर्षं होता. ९ डिसेंबर २०२४ रोजी परराष्ट्र खात्याने यादी नव्याने काढली आणि भारताचं नाव त्यातून गेलं. तरी पासपोर्टातल्या व्हिसावर आणि डीएस-२०१९वर या अटीबद्दल काय लिहिलंय ते प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

राहिला तो डीएस-७००२. सहा महिन्यांहून मोठ्या प्रशिक्षणात मध्यावर आणि शेवटी लेखी मूल्यमापन व्हावं लागतं, त्यामुळे आराखड्याची एक प्रत जवळ ठेवावी आणि रोज काय काम केलं ते तारखेनिशी लिहून ठेवावं. ठरल्याप्रमाणे विभाग बदलून मिळाला नाही तर स्पॉन्सरला लेखी कळवायला हाच आधार असतो. स्पॉन्सरने हॉटेलला प्रत्यक्ष भेट द्यायची सक्ती आहे, पण ती पूर्वी या कार्यक्रमात नसलेल्या आणि २५पेक्षा कमी कर्मचारी किंवा तीस लाख डॉलरपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्या जागांसाठी. मोठ्या रिसॉर्टांच्या साखळ्या त्यात येत नाहीत, आणि आपली बहुतेक मुलं जातात ती तिथेच. तेव्हा सही करण्याआधी, गेल्या वर्षी त्याच हॉटेलात राहून आलेल्या आपल्या कॉलेजच्या सीनियरला फोन करावा आणि सरळ विचारावं: तीन विभाग लिहिले होते, त्यांतले किती मिळाले?